पर्यावरण नेहमी दुसऱ्याच्याच गावात?

आपल्या होस्टेलची एक थोर परंपरा आहे. एन्व्हायर्नमेंटचा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्रीच होतो! विषयही ठरलेले. ओझोनचं छिद्र, ग्लोबल वॉर्मिंग, नाहीतर ॲमेझॉनचं जंगल. गूगल, झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग... झालं पर्यावरण!

हा विषय सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशातून. पुढे यूजीसीने केलेल्या अभ्यासक्रमात आठवं युनिट फील्ड वर्कचं होतं : तळं, नदी, डोंगरउतार असं काहीतरी स्वतः बघा. तास फक्त पाच, पण माझ्या मते खरा पेपर तेवढाच.

मी मोहाडी तालुका घेतला, कारण आमचं घर तिकडचं. भंडारा तलावांचा जिल्हा, हे कॉन्व्हेंटमध्ये जीकेसाठी पाठ केलेलं. पण 'मामा तलाव' हा कुणाच्या मामाचा नसून 'माजी मालगुजारी' तलाव, हे आत्ता कळलं! यातले कितीतरी कोहळी लोकांनी बांधले. मातीची पार घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि 'तुडूम' उघडून पाटाने धानाला सोडायचं. उन्हाळ्यात काढलेला गाळ शेतात जायचा, मासे ढिवर धरायचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मग पार कोण सांभाळणार, गाळ कोण काढणार? 'सरकार बघेल!' आज अनेक तलावांत गाळ आणि बेशरम माजलंय. (शिवी नाही, झुडपाचं नावच ते आहे.)

गंमत म्हणजे यातलं बरंचसं मला इंग्रजीत शोधताच आलं नसतं. 'तुडूम' हा शब्दच माहीत नसेल, तर सर्च काय करणार? तो आजीकडून मिळाला. शिवाय सिंचनाचे, मासेमारीचे गावचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या सरकारी दप्तरात नोंदवतात. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव तरी ऐकलंय?

म्हणून सर-मॅडमना विनंती, यंदा बाइंडिंगला मार्क देऊ नका. भंडारा-गोंदियाची इतकी मुलं होस्टेलला आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचा एक तलाव घ्यावा. सिव्हिलवाल्यांनी पार मोजावी, गाळ किती साचला ते काढावं. बाकीच्यांनी म्हाताऱ्या माणसांशी बोलावं, दप्तर बघावं. आणि रिपोर्टची एक प्रत, मराठीतली, ग्रामपंचायतीत नेऊन द्यावी. डिपार्टमेंटच्या कपाटात आधीच जागा नाही.