ऊन न येणाऱ्या घरात रोपांसाठी दिवा

पुण्याजवळच्या गावातले अंगणाचे घर सोडून एक आजी मुलाकडे नोएडाला राहायला आल्या, तेव्हा सामानाबरोबर तुळशीची कुंडीही आली. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, गॅलरी उत्तरेकडे. पहिल्याच थंडीत तुळस वाळून गेली. दुसऱ्या वर्षी नवे रोप लावले आणि डिसेंबर लागताच सूनबाईंनी कुंडी दिवाणखान्यात आणून ठेवली. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडून गळू लागली.

"अहो आई, इथे तर गारवा नाही, मग का हो सुकतेय?" सूनबाईंनी विचारले.

"अगं, गारवा नाही, तसं ऊनही नाही," आजी म्हणाल्या.

आजींनी नेमके कारण सांगितले होते. मुलाने जाहिरात पाहून अठराशे रुपयांचा जांभळ्या उजेडाचा दिवा मागवला. खोक्यावर "८० वॅट" असे ठळक छापलेले होते. तीन आठवडे तो जळत राहिला. तुळशीची फांदी मात्र लांबुडकी, फिकी होऊन दिव्याकडे वाकली. शेवटी दिव्याच्या अ‍ॅडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा १२ व्होल्ट आणि ०.७५ अँपिअर असे आकडे निघाले. दोहोंचा गुणाकार ९. म्हणजे ८० वॅटचे पैसे मोजून जास्तीत जास्त ९ वॅटचा दिवा पदरात पडला होता.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अनेक कुटुंबांना हल्ली असे दिवे घ्यावेसे वाटतात. हौस चांगलीच आहे. पण दिवा घेण्याआधी थोडी माहिती करून घेतली, तर पैसाही वाचतो आणि रोपही.

आधी उजेड ओळखा

माणसाचा डोळा उजेडाच्या बाबतीत फार फसवा आहे. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि खोली आपल्याला लख्ख वाटते. झाडाला अशी सोय नाही. उजेड 'लक्स' या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. ऊन न येणाऱ्या खिडकीला लागून तो साधारण एक ते तीन हजार असतो आणि तिथून सात-आठ फूट आत गेले की शे-दोनशेवर येतो.

मनी प्लांट किंवा स्नेक प्लांटसारख्या सावलीतल्या झाडांना एक ते दोन हजार लक्स पुरतात. मेथी, कोथिंबीर, पुदिना यांना चांगली वाढ हवी असेल तर दिवसाचे बारा-चौदा तास दहा हजार लक्सच्या आसपास उजेड लागतो. तुळशीला त्याहून थोडा जास्तच हवा. टोमॅटो, मिरची, गुलाब, मोगरा या फळाफुलांच्या झाडांची भूक तर याच्या कितीतरी पट असते.

मोबाइलमध्ये लक्स मोजणारे अ‍ॅप फुकट मिळते. ते अगदी अचूक नसते, पण दोनशे आणि दोन हजार यांतला फरक नक्की दाखवते. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी मोबाइल ठेवून एकदा पाहावे.

एवढे झाल्यावर बिनखर्चाचे उपाय करावेत. खिडकीच्या काचा पुसाव्यात. डासांची जाळी, रंगीत काच आणि जाड पडदा यांत बराच उजेड अडतो. दिवसा ते बाजूला सारता येतात का, ते पाहावे. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने टिपावी. कुंडीमागे पांढरा पुठ्ठा उभा केला, तर उजेड परत पानांवर पडतो. पुष्कळदा सावलीतल्या झाडांचे एवढ्यावरच भागते आणि दिवा घ्यावाच लागत नाही.

जांभळा की पांढरा?

पाने मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषतात, म्हणून फक्त त्याच रंगांचे दिवे बनू लागले. दोन्ही मिसळले की जांभळा उजेड दिसतो. पण हिरवा प्रकाश झाडाला अगदीच निरुपयोगी असतो, हा समज खरा नाही. कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या एक-दोन वर्षांत अनेक पिकांच्या पानांवर मोजमापे करून दाखवले की, ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या साऱ्याच रंगांचा पानांना कमीअधिक उपयोग होतो.

घरातला पांढरा एलईडी दिवा मुळात निळाच असतो. निळ्या चकतीवर पिवळसर लेप दिलेला असतो आणि त्यातून हिरवा, पिवळा, तांबडा असे सर्व रंग बाहेर पडतात. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले, त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सांगायचे ते इतकेच की, कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातली साधी पांढरी एलईडी ट्यूबसुद्धा झाडाला चालते. पालेभाजी, रोपे आणि तुळस यांसाठी ६५०० केल्व्हिनचा पांढराशुभ्र दिवा चांगला. मिळाल्यास त्याच्या जोडीला एक पिवळसर, ३००० केल्व्हिनचा लावावा. त्यात तांबडा अंश अधिक असतो.

जांभळ्या उजेडाची आणखी एक अडचण आहे. त्यात पान पिवळे पडले की किडले, हे कळत नाही. शिवाय बैठकीच्या खोलीत तो डोळ्यांना त्रासदायक वाटतो. उत्तम बनावटीचा जांभळा दिवा वाईट नसतो. पण स्वस्तातल्या दिव्यात पैसे रंगाचे जातात, उजेड मात्र थोडाच मिळतो.

खोक्यावर काय वाचावे

पांढरे एलईडी आज स्वस्त झाले आहेत. ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली आणि सरकारी घाऊक खरेदीत २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. याचा फायदा रोपांसाठीही घ्यावा. खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

वॅट : दिवा प्रत्यक्ष किती वीज घेतो, तो आकडा खरा. "१०० वॅटइतका उजेड" या शब्दांना भुलू नये. अ‍ॅडॅप्टरवर चालणारा दिवा असेल तर त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणून पाहावेत. मोबाइलच्या साध्या ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या चार्जरवर चालणारा चिमट्याचा दिवा १० वॅटहून जास्त वीज घेऊच शकत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

ल्युमेन : पांढऱ्या दिव्यासाठी हा आकडा वॅटहून महत्त्वाचा. एका वॅटमागे शंभर किंवा अधिक ल्युमेन मिळावेत. ९ वॅटच्या बल्बवर ९०० आणि २० वॅटच्या चार फुटी ट्यूबवर २००० ल्युमेन असतील तर माल ठीक समजावा.

चिन्ह : भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असलेलाच बल्ब घ्यावा. ऊर्जा बचतीचे तारेही पाहावेत. दिवा दिवसाचे चौदा तास जळणार आहे, तेव्हा वॉरंटीची पावती जपून ठेवावी.

होल्डर : आपल्याकडचे होल्डर बहुधा दोन खिळ्यांचे असतात, तर रोपांसाठी म्हणून विकले जाणारे बरेच बल्ब आट्यांचे असतात. न पाहता मागवला तर वेगळा होल्डर आणण्याची धावपळ होते.

अंतर हेच खरे

छताला लावलेला दिवा रोपासाठी जवळजवळ व्यर्थ असतो. ९ वॅटचा बल्ब पानांपासून अर्ध्या फुटावर असेल तर थेट खालच्या पानावर दहा हजार लक्सच्या आसपास उजेड पडतो. तोच एक फुटावर नेला की दोन-तीन हजार उरतात आणि छताइतका उंच गेला की शंभरसुद्धा नाहीत. अंतर दुप्पट झाले की बल्बचा उजेड साधारण पावपट होतो. ट्यूब लांब असल्याने तिचा उजेड इतक्या झपाट्याने घटत नाही, पण घटतोच.

म्हणून महागडा दिवा दूर टांगण्यापेक्षा साधा दिवा जवळ आणावा. एका कुंडीसाठी ९ वॅटचे दोन बल्ब समोरासमोरून, सहा ते आठ इंचांवर पुरतात. पालेभाजीच्या ट्रेसाठी लोखंडी मांडणीच्या वरच्या फळीखाली चार फुटी दोन ट्यूब शेजारीशेजारी बांधाव्यात आणि ट्रे त्यांच्यापासून अर्ध्या फुटावर राहील असे पाहावे. रोप वाढेल तसा ट्रे खाली घेता यावा, म्हणून सुरुवातीला त्याखाली विटा किंवा डबे ठेवावेत.

दिवा फार जवळ नाही ना, हे पाहायला हाताची पालथी बाजू पानाच्या उंचीवर अर्धा मिनिट धरावी. चटका जाणवला तर दिवा वर घ्यावा. जुना पिवळा तारेचा बल्ब मात्र कधीच वापरू नये. त्यात बहुतेक विजेची उष्णताच होते. उजेड थोडा मिळतो आणि पाने करपतात.

बिल किती येईल?

हिशेब सोपा आहे. वॅट गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे दिवसाचे युनिट. ९ वॅटचे दोन बल्ब चौदा तास जळले तर महिन्याला साधारण साडेसात युनिट लागतात. २० वॅटच्या दोन ट्यूबना सुमारे सतरा. युनिटला आठ रुपये धरले तर पहिला खर्च साठ रुपये आणि दुसरा एकशे पस्तीसच्या घरात जातो. आपल्या बिलावरचा दर घालून हा हिशेब दिवा आणण्यापूर्वीच करावा.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दिव्याखाली पालेभाजी लावून भाजीचा खर्च वाचेल, ही अपेक्षा धरू नये. मंडईतली जुडी बहुधा स्वस्तच पडते. हाताशी ताजा पुदिना, आठ-दहा दिवसांत कापता येणारी कोवळी मेथी किंवा मोहरी, उन्हाळी लागवडीसाठी आधीच तयार केलेली मिरची-टोमॅटोची रोपे आणि एखादे मायेचे झाड, यांसाठी हा खर्च सार्थकी लागतो. टोमॅटो, वांगी, गुलाब घरात दिव्यावर पोसण्याचा नाद मात्र मध्यमवर्गीय खिशाला झेपणारा नाही.

रात्र झाडालाही हवी

जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ, असे समजून काही जण दिवा रात्रंदिवस चालू ठेवतात. तसे करू नये. बारा ते चौदा तास उजेड आणि उरलेला वेळ अंधार, असा नेम ठेवावा. टोमॅटोसारख्या रोपाची पाने अखंड उजेडात पिवळी पडतात. शेवंती आणि कलांचो यांना तर फुलण्यासाठी लांब रात्रच लागते. त्यांच्यावर रात्री दिवा राहिला तर नुसती पाने वाढतात, कळ्या धरत नाहीत. रोज आठवणीने बटण दाबणे जमत नसेल, तर सॉकेटमध्ये बसणारा टायमर लावावा. काही शे रुपयांची ही वस्तू पुष्कळ उपयोगी पडते.

दिव्याखालच्या रोपाला उन्हातल्याइतके पाणी लागत नाही. माती बोटाने चाचपून, वरचा इंचभर थर कोरडा झाल्यावरच पाणी घालावे. पेरे लांब होऊन रोप एका बाजूला कलले तर उजेड कमी पडतो आहे. वरची पाने पांढुरकी होऊन कडा तपकिरी झाल्या तर तो जास्त होतो आहे, असे समजावे.

पाणी आणि वीज शेजारीशेजारी असल्याने सावधगिरी हवीच. पाणी घालण्यापूर्वी बटण बंद करावे. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नये. वायर सॉकेटकडे सरळ उतरती न ठेवता मध्ये खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटपर्यंत न जाता तिथेच ठिबकते. घरात गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच नसेल, तर इलेक्ट्रिशियनकडून तो आधी बसवून घ्यावा. लहान मुले असतील तर दिव्याची उंची आणि वायर त्यांच्या हाताबाहेर ठेवावी.

नोएडाच्या त्या घरी जांभळा दिवा काढून ९ वॅटचे दोन पांढरे बल्ब लावले गेले. कुंडीमागे जुन्या कॅलेंडरची पांढरी बाजू उभी केली. पाणी रोजचे बंद होऊन तीन-चार दिवसांतून एकदा झाले. आजींनी वाळकी टोके आणि मंजिऱ्या खुडून टाकल्या. जानेवारीच्या अखेरीस खुडलेल्या जागी दोन-दोन नवी पाने दिसू लागली.

होळीनंतर गारवा सरला, तेव्हा कुंडी पुन्हा गॅलरीत गेली. पहिले चार दिवस तास-दोन तास, मग दिवसभर. बल्ब काढून सूनबाईंनी स्वयंपाकघरात लावले आणि टायमर पुढच्या डिसेंबरसाठी कपाटात ठेवला.