पर्स हाताशी, पण आत काय?

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईची, नागपूरची कितीतरी कुटुंबे दक्षिणेकडे निघतात. तंजावरला मुक्काम होतोच. बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहायचा, सरस्वती महालातील हस्तलिखितांपुढे थोडे थबकायचे, मग कुंभकोणम. घरात कोणाला भजन-कीर्तनाची आवड असेल तर तिथून काही किलोमीटरवरचे मरुदानल्लूरही यादीत येते. दक्षिणेतील भजनपरंपरेला नेमकी पद्धत घालून देणाऱ्या सद्गुरू स्वामींचा मठ या गावात आहे, आणि त्या परंपरेच्या भजनांत मराठी अभंगही गायिले जातात. मराठी कानांना इतक्या दूरवर ते ऐकण्याचे अप्रूप वेगळेच.

बॅगा भरल्या जातात. साड्या, चिवडा, लाडू, कॅमेरा, आजोबांची औषधे. छत्र्या मात्र माळ्यावर जातात, कारण आपला पाऊस दसऱ्याच्या आसपास संपलेला असतो. कावेरीच्या खोऱ्यात नेमके उलट असते. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि बंगालच्या उपसागरातील वादळेही याच महिन्यांत येतात. म्हणजे महाराष्ट्रातली दिवाळीची सुट्टी हा तिथला भर पावसाळा. २०१८ साली दिवाळी ७ नोव्हेंबरला होती. त्यानंतर नवव्या दिवशी, १६ नोव्हेंबरच्या पहाटे, ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम, पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांत नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे हजारो खांब कोसळले, कित्येक गावे दिवसच्या दिवस अंधारात राहिली.

वीज गेली की काय काय जाते, याचा विचार बॅग भरताना सहसा होत नाही. एटीएम जाते. दुकानदाराचे कार्डाचे यंत्र जाते. थोड्या वेळाने मोबाइलचा मनोरा मुका होतो, आणि त्याबरोबर नकाशा, हॉटेलचे आरक्षण, घरच्यांचे नंबर, पैसे देण्याची सोय, सगळेच जाते. एका यंत्रात इतके काही कोंबल्यावर ते बंद पडले तर माणूस अगदी निराधार होतो. म्हणून पर्समधली आपत्कालीन पिशवी भरताना पहिला प्रश्न हा विचारावा: फोन चालत नसेल तर यातले काय उपयोगी पडेल?

उत्तरादाखल सर्वांत आधी येतो तो साधा कागद. पाच-सहा महत्त्वाचे फोन नंबर, मुक्कामाचा पत्ता, प्रत्येकाचा रक्तगट, कोणाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आणि नियमित औषधांची मूळ नावे. दुकानी नाव प्रत्येक गावी मिळेलच असे नाही, घटकाचे नाव मात्र कोणताही औषधविक्रेता ओळखतो. हा कागद छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावा, नाही तर पहिल्या सरीतच शाई पसरते. दुसरी गोष्ट सुटे पैसे. दहा, वीस, पन्नास आणि शंभराच्या नोटा, पाकिटात नव्हे तर वेगळ्या कप्प्यात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा घेऊन प्रवासात असलेल्यांना शंभराच्या नोटेची किंमत चांगलीच कळली होती.

मग औषधे. इथे गृहिणींचा उत्साह फार असतो आणि अर्धे मेडिकलचे दुकान पर्समध्ये येते. त्याची गरज नाही. घरातील प्रत्येकाच्या रोजच्या औषधांचा दोन दिवसांचा साठा, मूळ पट्टीतच, म्हणजे नाव आणि मुदत दोन्ही दिसतात. कोणाला हृदयविकार असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली जिभेखालची गोळी. मधुमेही माणूस बरोबर असेल तर साखरेच्या पुड्या. औषध घेऊनही जेवण लांबले, घाम फुटला, हात थरथरू लागले तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. चॉकलेट देण्याची पद्धत आहे, पण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, दोन पाकिटे हवीतच. पण पाकिटावरची सूचना घरीच वाचून ठेवावी. काही पाकिटे एक लिटर पाण्यासाठी असतात, काही फक्त दोनशे मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट एका पेल्यात कालवले तर क्षाराचे प्रमाण इतके वाढते की लहान मुलाला फायद्याऐवजी अपाय होतो. बाटलीबंद गोड पेयांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे छापण्याचा धंदा बरीच वर्षे चालला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला २०२५ मध्ये मनाई केली. तरीही आई-आजींनी पुडीच घ्यावी, हे बरे.

याखेरीज एक सुती ओढणी किंवा पंचा. पर्समधल्या सगळ्या वस्तूंत ही सर्वांत बहुगुणी. जखमेतून रक्त वाहत असेल तर तिची घडी दाबून धरायची, दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता. नुसता कापूस कधीच लावू नये, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. हात मोडला तर हीच ओढणी गळ्यात बांधून झोळी होते. मरुदानल्लूरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना भाताची शेते आहेत, आणि भातशेती म्हटली की उंदीर आले, उंदरांमागे साप आले. साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. सूज चढण्याआधी त्या हातातल्या बांगड्या, अंगठ्या काढाव्यात, हात किंवा पाय ओढणीने हलणार नाही असा ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या गाडीने कुंभकोणमचे सरकारी रुग्णालय गाठावे. १०८ हा क्रमांक तामिळनाडूत आणि महाराष्ट्रात सारखाच आहे. पोलीस, आग, वैद्यकीय मदत अशा कशासाठीही ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर अडकल्यास १०३३. हे तीन आकडेही त्याच कागदावर लिहावेत.

बाकीचे सटरफटर पटकन सांगता येईल. छोटा टॉर्च, शिट्टी, चार सेफ्टी पिना, दोन सॅनिटरी पॅड (स्वतःची गरज संपलेली असली तरी, मुलगी किंवा सहप्रवासी असतेच), चिकटपट्ट्या, जुना चष्मा, चार्जर आणि पॉवर बँक. टॉर्चचे सेल बाहेर काढून शेजारी ठेवावेत, आत राहिले तर ते पाझरून टॉर्च खराब करतात.

गाडीतली पेटी कुठे ठेवावी?

गाडीच्या बाबतीत खरी चूक वस्तूंची नसते, जागेची असते. प्रथमोपचाराची पेटी, इशाऱ्याचा त्रिकोण, हातोडी, दोर, सगळे डिकीत व्यवस्थित रचून ठेवलेले असते, त्यावर चार बॅगा असतात, आणि त्यावर खेळण्यांची पिशवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. मुंबईत त्या पुरात चारशेहून अधिक माणसे गेली. त्यात असेही होते जे बंद मोटारीत, काचा लावून, पाणी ओसरण्याची वाट पाहत बसले होते. पाणी वाढले, विजेवरच्या काचा आणि कुलपे अडकली आणि दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघडेना. डिकीतली हातोडी अशा वेळी कोणाच्या कामाची?

म्हणून काच फोडण्याची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी, बसवून टाकलेली असावी. दाराच्या कप्प्यात सुटी ठेवली तर धक्क्यासरशी पायाखाली जाते. समोरची काच फोडण्याचा प्रयत्न करू नये. ती दोन थरांची, मध्ये चिकट पापुद्रा असलेली असते, तडकते पण सुटत नाही. बाजूची काच, तिच्या मधोमध नव्हे, कोपऱ्यात मारावी. काही नव्या गाड्यांत बाजूची काचही थरांची असते, ते गाडी घेतानाच विचारून ठेवावे. हे सगळे अर्थात दुसरा उपाय झाला. पहिला उपाय असा की चाके बुडू लागताच पट्टे सोडायचे, काचा चालतायत तोवर खाली करायच्या, मुलांना आधी बाहेर काढायचे आणि गाडीची माया सोडायची. गाडीचा हप्ता पुढे फेडता येतो.

आणखी एक गोष्ट. पाऊस लागला म्हणून गाडी बंद जागेत किंवा धूर सोडणारी नळी पाण्यात बुडेल अशा ठिकाणी उभी करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

डिकीत राहणाऱ्या वस्तूही असतातच: टो करण्याचा दोर, जॅक, पाना, एक जाड चादर, घसरणार नाहीत अशा जुन्या चपला, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या. त्रिकोण मात्र मागच्या सीटखाली असावा आणि गाडी बंद पडल्यास चांगल्या पन्नास-साठ पावलांवर मागे नेऊन ठेवावा. अगदी गाडीला टेकवून ठेवलेला त्रिकोण ट्रकचालकाला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. औषधे, पॉवर बँक, सॅनिटायझर गाडीत सोडून देवळात जाऊ नये. उन्हात बंद मोटारीतले तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाते. इन्सुलिन तर अशा उष्म्यात निकामी होते, आणि वाईट हे की ते वरून ओळखू येईलच असे नाही.

पूर्वी हे सारे प्रवाशाने वाहून न्यायचे नसे. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यातले नामांकित. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांचे काम सविस्तर सांगितले होते. वाटसरूला अन्न, आजाऱ्याला औषध, सर्पदंशावर उपचार जाणणारे वैद्य, तान्ह्या मुलांना दूध, वाटेत दिवस भरलेल्या बाईच्या बाळंतपणाची सोय. आजच्या महामार्गावर इडली-कॉफी दर काही मैलांवर मिळते, पण अडचणीचा पहिला तास प्रवाशाने स्वतःच निभवायचा असतो. मरुदानल्लूरचे स्वामी उंछवृत्तीने राहत. नाम गात दारोदार फिरायचे, मिळतील त्या तांदळावर दिवस काढायचा. पोरेबाळे घेऊन निघालेल्या संसारी बाईला ते व्रत झेपणारे नाही.

गर्दीत जाताना

कुंभकोणमला दर बारा वर्षांनी महामहमचा मेळा भरतो. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी तिथल्या तलावाकाठी चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास भाविकांनी प्राण गमावले. २०१६ चा मेळा झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे, आणि महाराष्ट्रातूनही लोक जातील. अशा ठिकाणी मोठी पर्स नेऊच नये. आडवा पट्टा असलेली छोटी पिशवी पोटावर, पदराखाली, आणि पदर कमरेला पिनेने पक्का. चप्पल निसटली तरी वाकायचे नाही. दाब वाढला तर दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासाला जागा ठेवायची आणि गर्दीच्या उलट दिशेने न जाता तिरके तिरके कडेला सरकायचे.

आणि चिठ्ठी. महाराष्ट्रातून गेलेला सहा वर्षांचा मुलगा किंवा सत्तरीचे आजोबा तिथे हरवले तर त्यांना तमिळ येत नाही आणि विचारणाऱ्याला मराठी. ‘मरुंदु कडै’ म्हणजे औषधाचे दुकान, ‘आस्पत्तिरि’ म्हणजे इस्पितळ, ‘उदवी’ म्हणजे मदत, एवढे तीन शब्द मोठ्यांनी पाठ करावेत, मुलाला ते अशा वेळी आठवणार नाहीत. हॉटेलात खोली घेतली की लगेच काउंटरवरच्या माणसाकडून हॉटेलचे नाव, पत्ता आणि ‘मला इथे पोहोचवा’ एवढे तमिळमध्ये लिहून घ्यावे. दोन मिनिटांचे काम, कोणी नाही म्हणत नाही. खाली दोन फोन नंबर, त्यातला एक गावी राहिलेल्या नातेवाइकाचा, कारण बरोबरच्यांचा फोन त्याच गर्दीत हरवलेला असू शकतो. मुलाचे नाव गळ्यातल्या पट्टीवर सर्वांना दिसेल असे लिहू नये. नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल चटकन विश्वास ठेवते. चिठ्ठीच्या चार प्रती काढाव्यात. एक पर्समधल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक गाडी चालवणाऱ्याच्या खिशात, एक मुलाच्या चड्डीच्या आतल्या खिशात, आणि एक आजोबांच्या सदऱ्यात, चष्म्याच्या घराला रबर लावून.