दुखतंय, पण कसं?



बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, संतकवी दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. जवळपास ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर त्यांनी (१५५१–१६१५) आपलं ‘पंचीकरण’ लिहून काढलं. पंचमहाभूतांपासून माणसाचा देह आणि मन कसं घडतं, हा त्याचा विषय. अंगावर पांघरायच्या वस्त्रावर अंगाचीच उकल, तीही मराठीत!

याच दासोपंतांनी ‘गीतार्णवा’त मराठीची बाजू मांडताना भांड्यांचा दाखला दिला आहे. संस्कृत ‘घट’ म्हणून मोकळी होते. मराठीत डेरा निराळा, रांजण निराळा, सुगड निराळं. संस्कृतचे अभिमानी यावर वाद घालतील, खुशाल घालोत. मला तो दाखला आठवतो तो इथे कॅनडातल्या दवाखान्यात, आपल्याकडे राहायला आलेल्या आईवडिलांना घेऊन बसल्यावर. आजी सांगते, “गुडघा ठणकतोय, पोटरीत गोळे येतात आणि तळपायांची नुसती भगभग.” शेजारी बसलेला नातू डॉक्टरांना सांगतो, “पायात पेन आहे.” सगळी भांडी एका घटात! डॉक्टर विचारतात, एक ते दहामध्ये किती? आजी म्हणते, “सहा म्हण, उगाच काळजी करतील.”

वास्तविक या शब्दांत निम्मं निदान असतं. ठणका म्हटलं की आत सूज किंवा पू असेल का, हे बघावं लागतं. मुरडा येतो नि जातो, तो आतड्याचा. भगभग आणि मुंग्या मधुमेहाच्या रोग्यानं सांगितल्या, तर मज्जातंतूंकडे लक्ष द्यायला हवं. सल, कळ, चमक, उसण, रग, ठसठस यांतलं एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. आणि ज्याला आपण आता डिप्रेशन म्हणतो, ते आपल्या आयाबायांनी त्या नावानं कधी सांगितलंच नाही. “अन्न गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही, अंग मोडून येतं,” असं त्या सांगतात. मनाचं दुखणं अंगावाटे बोलतं. ऐकणाऱ्यानं फक्त अंगाचं ऐकलं तर हातात व्हिटॅमिनच्या गोळ्या पडतात.

शब्दांचं हे मोल आपल्या कॅनडातच एका माणसानं फार चांगलं ओळखलं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेचे शब्द गोळा करून त्यांची वर्गवारी केली आणि १९७५ साली प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात ७८ शब्द, २० गटांत. काही गट नुसत्या संवेदनेचे, तर काही भीतीचे, थकव्याचे, जीव नकोसा होण्याचे. कारण वेदना शरीरात असते तशी मनातही असते, हे त्यांना शब्दांतूनच दिसत होतं.

पण शब्द असून भागत नाही, ते कुणी ऐकावे लागतात. हे कळायला पुन्हा बीडलाच जावं लागेल. तिथल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांकडे शब्दांची वानवा नव्हती. ओटीपोटात कळ, कंबर धरलेली, अंगावर पांढरं जाणं, सगळं त्या सांगत होत्या. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल डोक्यावर, एक खाडा झाला तरी पैसे कापले जाणार. अशा बाईला “पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल” एवढं डॉक्टरांचं एक वाक्य गर्भाशय काढून घ्यायला पुरलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साधारण सहांत एक. दरवेळी शस्त्रक्रिया चुकीचीच होती असं मी म्हणणार नाही. पण कळ, कंबर आणि पांढरं जाणं यांची वेगवेगळी चौकशी किती जणींची झाली असेल? बाईचे दहा शब्द एका भयंकर शब्दापुढे हरले, आणि तो शब्द तिचा नव्हता.

इथली आपली माणसं इतकी अगतिक नाहीत. सोबत आपण असतो, बऱ्याच ठिकाणी दुभाषाही मागता येतो. तो जरूर मागा. नातवंडांवर ही जबाबदारी टाकू नका; आजी नातवासमोर अंगावर जाण्याबद्दल बोलणार नाही, आणि तो बिचारा ते सांगू शकणार नाही.

दुखणं डॉक्टरांपर्यंत नीट पोचावं यासाठी आपल्या मंडळानं एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं आहे: दुखण्याचे मराठी शब्द, प्रत्येकापुढे डॉक्टरांना कळेल असं इंग्रजी वर्णन. एका शब्दाला एक शब्द नको, कुठे, कसं, केव्हा दुखतं ते लिहायचं. आपल्या घरात, आपल्या तालुक्यात चालणारे शब्द गावाच्या नावासह दिवाळीपूर्वी आमच्याकडे पाठवा. मराठवाड्यातल्या, वऱ्हाडातल्या, कोकणातल्या सभासदांनी “हे काय लिहायचं” म्हणून मागे राहू नये. आणि आपल्यात जे डॉक्टर आहेत, त्यांनी पुस्तिका तपासण्यासाठी दोन संध्याकाळी काढाव्यात, ही विनंती.