मोडेन पण वाकणार नाही!

घरातल्या मुलाने वा मुलीने एकदा इलेक्ट्रॉनिक्सचा नाद धरला, की दिवाळीच्या खरेदीत फटाक्यांच्या जागी एक नवीच मागणी येते : ‘पीसीबीला भोके पाडायचे यंत्र हवे!’ पीसीबी म्हणजे तांब्याच्या रेघा उमटलेला तो सर्किटचा बोर्ड. त्याची जाडी बहुधा १.६ मिलिमीटर आणि त्यात पाडायची भोके ०.८ ते १ मिलिमीटरची! सुताराच्या गिरमिटाचे शहाणपण येथे चालत नाही.

दुकानदार आधी वेग सांगतो. मिनिटाला तीस हजार फेरे! ऐकणाऱ्याचे डोके तेवढ्यानेच फिरते. वेग हवा, हे खरे. पण बिट मोडतो तो बहुधा डगमगण्याने. काचतंतूंच्या बोर्डावर पोलादी बिट लवकर बोथट होतो, म्हणून टंगस्टन कार्बाइडचा घेतात. आणि या कार्बाइडचा बाणा मोठा करारी : मोडेन पण वाकणार नाही! मोटार नुसती हातात धरून भोक पाडू गेले, की तो आपला बाणा लगेच खरा करून दाखवतो.

तेव्हा मोटारीपेक्षा स्टँडवर सढळ हाताने खर्च करावा. परीक्षा सोपी आहे. बंद मोटार खाली आणून बोटाने बाजूला ढकलून पाहावी. हलली, तर दुकानदाराला नमस्कार करून निघावे. मग ती चालू करून बिटाचे टोक न्याहाळावे. ते एका जागी स्थिर दिसले पाहिजे, वर्तुळ काढता कामा नये. घरीच यंत्र जुळवायचे, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत बारा व्होल्टची मोटार मिळते. मात्र बिट धरायला स्क्रूचा पितळी चक न घेता कॉलेट घ्यावी. स्क्रू एकाच बाजूने रेटतो. कॉलेट सगळीकडून सारखी आवळते. भोक पाडताना बोर्डाखाली सपाट फळी असावी.

एक गोष्ट मात्र टाळू नये. काचतंतूंची धूळ फुप्फुसांना वाईट आणि मोडलेला बिट डोळ्यांचा वैरी. ज्या बिलात यंत्र, त्याच बिलात चष्मा व मास्क लिहून घ्यावा. ‘नंतर आणू’ म्हटलेली वस्तू आपल्या घरांत कधी येते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे!