दोन पॉवर सप्लाय, एक एक्स्टेन्शन बोर्ड

मंडळी, या शनिवारचा विषय जरा रुक्ष आहे, पण आमच्या बीड जिल्ह्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. नेटवर्क स्विचचा पॉवर सप्लाय आणि त्याच्यावर नजर ठेवणं!

जरा बऱ्यापैकी स्विचला दोन पॉवर सप्लाय असतात. एक गेला तरी दुसरा सगळा भार उचलतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. याचंच सगळे कौतुक करतात. मला विचाराल तर गोची इथेच आहे. पत्ता लागत नाही म्हणून दुरुस्तीही होत नाही. दिवा विझलाय तो मागच्या बाजूला, स्विच रॅकमध्ये, रॅकला कुलूप, आणि किल्ली कुठे ते फक्त शिपायाला ठाऊक. पैसे दोनचे मोजून ऑफिस महिनोन्महिने एकावर चालतं.

खरं तर स्विच स्वतःची तब्येत स्वतः सांगतो, विचारणारा हवा. सिस्कोच्या उपकरणांत पंखा, तापमान, पॉवर सप्लाय यांची अवस्था एसएनएमपीवर आकड्यात मिळते. 1 म्हणजे ठीक, 2 इशारा, 3 गंभीर, 5 म्हणजे वस्तू जागेवरच नाही, 6 म्हणजे आहे पण चालत नाही. नागिओस किंवा झॅबिक्ससारखं फुकटचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी हे विचारू शकतं. तरी लोक नुसतं पिंग लावून ठेवतात. पिंगला उत्तर आलं म्हणजे गडी जिवंत आहे एवढंच कळतं, एका पायावर उभा आहे हे नाही कळत.

आता पुढची गंमत. दोन्हीकडून 1 आला तरी खूश होऊ नका. वीज येतेय एवढं स्विचला कळतं, कुठून येतेय ते नाही. आमच्या भागातल्या एका ऑफिसात मी स्वतः पाहिलंय, दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आणि बोर्ड एकाच यूपीएसला. नजर ठेवणारा कॉम्प्युटरही त्याच यूपीएसवर! म्हणजे यूपीएस झोपला की बोंब मारणाराही झोपला.

याचं मोठं उदाहरण आमच्या परळीनंच दाखवलंय. फेब्रुवारी 2013 मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं. पाच संच, मिळून 1130 मेगावॅट. संच बिघडले नव्हते, दुष्काळात पाणी संपलं होतं. पाचांचंही पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून यायचं. पाच संच, बंधारा एक. 2015 मध्ये पुन्हा तेच.

"तालुक्याच्या ठिकाणी एवढं कशाला लागतं?" असं एका मित्रानं विचारलं. मला उलटं वाटतं. पुण्यात माणूस अर्ध्या तासात सप्लाय बदलून जातो. पाटोद्याला किंवा आष्टीला तो पार्ट घेऊन येईपर्यंत दिवस मोडतो. तोवर पीकविम्याचा फॉर्म भरायला रोजगार बुडवून आलेला माणूस "नेट नाही, उद्या या" ऐकून परत जातो. शेवटची तारीख असली तर त्याचा उद्या कुठला?

म्हणून माझं म्हणणं, एक वायर यूपीएसला आणि दुसरी थेट मेनला, जमलं तर वेगळ्या फेजवर लावा. (यूपीएसही मरतात हो, विशेषतः मे महिन्यात!) नजर ठेवणारा कॉम्प्युटर दुसऱ्या गावात ठेवा. सहा महिन्यांतून एकदा, सुट्टीच्या दिवशी, एक वायर उपसून बघा. मेसेज आला पाहिजे आणि स्विच चालू राहिला पाहिजे. मग ती लावून दुसरी उपसा.

आणि हो, अपटाइमही तपासत जा. पाच मिनिटांच्या दोन विचारण्यांमध्ये लाइट जाऊन आली तर पिंगला ती सापडेलच असं नाही, पण अपटाइम शून्यापासून सुरू झालेला दिसतो. फक्त हा आकडा साधारण 497 दिवसांनी आपोआपही शून्यावर येतो, तेव्हा दीड वर्ष न झोपलेल्या स्विचवर उगाच आळ घेऊ नका :)