लाल सरबत आणि आपला सब्र

रमजानमध्ये दस्तरख्वानावर लाल सरबताचा ग्लास आला की माझी खाला तोंड फिरवते. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये तिच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले, त्याला सात वर्षं झाली. केमोत तिला लाल रंगाचं औषध शिरेतून देत. तो रंग दिसला की आजही तिला मळमळतं, घाम फुटतो. शेजारच्या बायका म्हणतात, "नखरे कसले? बरी झालीस ना, अल्लाहचं शुक्र मान!"

हे नखरे नाहीत. २००२ साली जपानच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी या आजारातून बऱ्या झालेल्या बायकांच्या मेंदूचे एमआरआय तपासले. ज्यांना आजाराच्या आठवणी नको असताना पुन्हा पुन्हा छळत होत्या, त्यांचा डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, इतरांपेक्षा सुमारे ५ टक्के लहान आढळला. आठवणींमुळे तो आकसला, की आधीपासून लहान होता म्हणून आठवणी छळू लागल्या, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. पण याला सोंग म्हणायला आता जागा उरलेली नाही.

सब्र शिकवणाऱ्यांनी हजरत याकूब आठवावेत. मुलाच्या विरहात त्यांचे डोळे पांढरे पडले, असं कुरआन सांगतं; आणि सुंदर सब्राचे बोलही त्यांच्याच तोंडी आहेत. म्हणजे दुःख करणं सब्राच्या विरोधात नाही. दुसऱ्याला गप्प बसवणं ही आपली सोय आहे, दीन नव्हे.

खरा राग आपल्या जमातींचा येतो. ऑपरेशनला, केमोला जकातीतून पैसे निघतात. परळच्या फुटपाथवर दिवस काढणाऱ्या रुग्णांना जेवण देणारेही आपल्यात आहेत. त्यांना सलाम. पण शेवटची केमो झाली की यादीतून नाव कटतं. मानसोपचाराची फी मागणाऱ्या गरजू बाईला विचारतात, "वेड लागलंय का?" २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा विमा कंपन्यांना बजावतो की मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरा. कायद्याला कळलं ते आपल्या कमिट्यांना कधी कळणार?

मागणी साधी आहे. मदतीच्या अर्जात औषधांच्या बिलाशेजारी समुपदेशनाच्या बिलालाही जागा द्या. आणि येत्या रमजानात कुणी लाल सरबत नाकारलं, तर कारण विचारत बसू नका. लिंबाचं करून द्या.