पावसात अडकलेली मुंबईची सुट्टी

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून आपल्या धामणगाव बढ्याची मंडळी मलकापूरला गाडी धरून मुंबईच्या नातेवाइकांकडे जातात, ती नेमकी पावसाच्या तोंडावर. पोरांना समुद्र पाहायचा असतो आणि इकडे एका खोलीत दोन कुटुंबे कोंडून बसतात.

समुद्र जरूर दाखवा, पण लांबून. भरतीची वेळ पेपरात येते. साडेचार मीटरच्या वर भरती असेल, तर त्या दिवशी चौपाटीचे नाव काढू नका. पावसाळ्यात तिथे माणसे बुडतात आणि त्यांत पाहुणी पोरेही असतात.

दादरला असाल तर हिंदू कॉलनीतले राजगृह पाहा. पुस्तकांना जागा हवी म्हणून बाबासाहेबांनी ते घर बांधले. काळा घोड्याजवळच्या, १९२२ साली खुल्या झालेल्या वस्तुसंग्रहालयात सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपावरील भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या. तिथे घाई करू नका. पोरांना मात्र वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र जास्त आवडेल. तिथल्या कितीतरी यंत्रांना स्वतः हात लावून पाहता येते. दिवस पुरत नाही, तेव्हा भाकरी बांधून न्या. बाहेरचे खाणे आपल्या खिशाला परवडत नाही.

लोकल बंद पडली तर मुकाट्याने घरात बसा. सागरगोटे, भेंड्या आहेतच. आणि आठ माणसांचा स्वयंपाक एकट्या मामीवर टाकू नका. भाजी निवडायला पुरुषांनीही बसावे.